‘तुझे रिफ्लेक्सेस स्लो आहेत!’

"तुझे रिफ्लेक्सेस स्लो आहेत गं. तू कॅरम का नाही खेळत?"

एफईला असताना बॅडमिंटनच्या ट्रायल्समध्ये मला हे वाक्य ऐकायला मिळालं. कोणी ऐकवलं ते जाऊ दे. आमच्याकडे ट्रायल म्हणजे काय, तर टीममधली सगळ्यात जोरात मारणारी सीनियर नेटपलीकडे उभी राहणार आणि प्रत्येक नवीन मुलीला दहा स्मॅश मारणार. जिने जास्त परतवले ती टीममध्ये. मी दहापैकी एक परतवला. तोही खरं तर मी परतवला नव्हता, शटलच माझ्या रॅकेटवर येऊन आपटलं होतं!

पुढे वर्षभर हट्टाने रोज संध्याकाळी जिमखान्यात जाऊन मी टीममध्ये आले, ती गोष्ट वेगळी. यंदा मी टीईला आहे आणि ट्रायल्स घेणाऱ्यांच्या बाजूला उभी होते. चष्मा लावलेली एक एफईची मुलगी आली. दहापैकी एकही स्मॅश परतला नाही. आणि आमच्यातल्याच एकीने तिला तेच वाक्य ऐकवलं. फक्त कॅरमच्या जागी चेस आलं. ती "थँक यू ताई" म्हणाली, रॅकेट कव्हरमध्ये घातली आणि निघून गेली. मी शेजारीच उभी होते, पण काही बोलले नाही.

बोलले नाही याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त डोक्यात एक किडा शिरला. रिफ्लेक्सेस स्लो म्हणजे नक्की काय स्लो? डोळे? मेंदू? हात? आणि ज्याच्यावरून आपण एखाद्याला घरी पाठवतो ते आपण कधी मोजलंय का? चार वर्षं मोजमापाचं शिक्षण घेणाऱ्या लोकांनी एवढं तरी करायला हवं. म्हणून थोडं वाचलं, थोडं मोजलं, त्यातून हा लेख.

एक पट्टी आणि तीन मुली

अकरावीच्या फिजिक्समधला प्रयोग आठवतोय? मैत्रिणीने ३० सेंटीमीटरची पट्टी उभी धरायची. आपण खाली शून्यापाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं. तिने न सांगता पट्टी सोडायची आणि आपण पकडायची. पट्टी किती घसरली त्यावरून आपला रिअ‍ॅक्शन टाइम निघतो:

वेळ = √(२ × अंतर ÷ ९.८१)

अंतर मीटरमध्ये, वेळ सेकंदात. पट्टी २० सेंटीमीटर घसरली तर ०.२ सेकंद, म्हणजे २०० मिलिसेकंद.

मी आमच्या कॅप्टनला पकडलं, स्वतःला घेतलं आणि त्या एफईच्या मुलीला हॉस्टेलच्या मेसमध्ये शोधून काढलं. तिला वाटलं रॅगिंगच आहे! तिघींचे दहा-दहा रीडिंग घेतले. कॅप्टनचं सरासरी अंतर आलं १९ सेंटीमीटर, म्हणजे १९७ मिलिसेकंद. माझं २१ सेंटीमीटर, म्हणजे २०७. आणि ज्या मुलीला आम्ही चेस खेळायला पाठवलं तिचं आलं १८.५ सेंटीमीटर, म्हणजे १९४ मिलिसेकंद!

तिघींमध्ये सगळा मिळून फरक १३ मिलिसेकंदांचा. एवढा फरक तर आमच्या प्रयोगाच्या एररमध्येच जातो. म्हणजे ट्रायलमध्ये जो जमीन-अस्मानाचा फरक दिसला, तो या नंबरमधून आलेलाच नाही. मग आला कुठून?

आधी शब्द साफ करू

खरं म्हणजे ‘रिफ्लेक्स’ हा शब्दच आपण चुकीचा वापरतो. डॉक्टर गुडघ्याखाली छोटी हातोडी मारतात आणि पाय उडतो, तो रिफ्लेक्स. त्यात सिग्नल पाठीच्या कण्यापर्यंत जाऊन परत येतो, मेंदूला विचारतही नाही. काम ५० मिलिसेकंदांच्या आत सुरू होतं. स्मॅश परतवणं ही मात्र पूर्ण वेगळी भानगड आहे. तिथे बघायचं आहे, ओळखायचं आहे, निवडायचं आहे आणि मग हलायचं आहे.

या प्रत्येक पायरीला वेळ लागतो. डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश पडल्यापासून सिग्नल मेंदूच्या मागच्या बाजूला, व्हिज्युअल कॉर्टेक्सला पोचेपर्यंतच साधारण ५० मिलिसेकंद जातात. मेंदूतून निघालेला हुकूम हाताच्या स्नायूपर्यंत यायला आणखी २० च्या आसपास. उरलेला वेळ मधल्या विचाराचा. मधला विचार वेगळा काढून मोजायची युक्ती डच शास्त्रज्ञ डोंडर्स यांनी १८६८ मध्येच केली होती. एकच दिवा लागला की बटण दाबायचं, याला किती वेळ लागतो ते मोजा. मग दोन दिवे, दोन बटणं ठेवून मोजा. दुसऱ्यातून पहिलं वजा करा, उरतो तो निवडीचा वेळ.

यावरचं पुढचं काम आपल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना फारच आवडेल. शॅननने १९४८ मध्ये माहिती बिट्समध्ये मोजायला शिकवलं. त्यानंतर चारच वर्षांनी, १९५२ मध्ये, हिक नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की माणसाचा निवडीचा वेळ पर्यायांच्या संख्येप्रमाणे नाही, तर त्या संख्येच्या लॉगरिथमप्रमाणे वाढतो. म्हणजे पर्याय दुप्पट झाले की एक बिट वाढतो आणि प्रत्येक बिटमागे वेळेत ठराविक भर पडते. प्रयोगशाळेतल्या दिवे-बटणांच्या कामात ही भर साधारण १५० मिलिसेकंदांच्या आसपास येते.

पट्टीच्या प्रयोगात पर्याय एकच होता. पडली की पकड. बिट शून्य. कोर्टवर मात्र स्मॅश सरळ येईल की क्रॉस, अंगावर येईल की मध्येच ड्रॉप पडेल? चार पर्याय म्हणजे दोन बिट. पट्टी हे मोजतच नाही.

शटलचं गणित

आता समोरून येणाऱ्या शटलकडे वळू. शटलचं वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम, पिसं १६. जगातल्या सगळ्या रॅकेट खेळांत रॅकेटवरून सगळ्यात वेगाने सुटणारी वस्तू हीच. २०२३ मध्ये आपल्या सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या नावावर ताशी ५६५ किलोमीटरच्या स्मॅशचा गिनेस विक्रम नोंदला गेला. त्याच वेळी महिलांमध्ये मलेशियाच्या पर्ली टॅनच्या नावावर ४३८ चा. जपानमध्ये खास चाचणी ठेवून हे वेग मोजले होते, आणि तेही रॅकेटवरून सुटतानाचे.

पण शटलसारखा वेग घालवणारीही दुसरी वस्तू नाही. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण शिकतो की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. शटल उंचावरून सोडलं तर त्याचा टर्मिनल वेग सेकंदाला सुमारे ६.८ मीटर येतो. तिथे विरोध आणि वजन सारखं होतं. एवढ्या माहितीवर इंटिग्रेशन केलं (गुरुत्वाकर्षण सध्या बाजूला ठेवून) तर एक सुंदर गोष्ट निघते. टर्मिनल वेगाच्या वर्गाला ९.८१ ने भागा, ४.७ मीटर येतात. प्रत्येक ४.७ मीटर गेल्यावर शटलचा वेग आधीच्या सुमारे ३७ टक्केच उरतो. मग तुम्ही कितीही जोरात मारा!

कोर्ट १३.४० मीटर लांब असतं. मागून मारणारा आणि अलीकडे मध्यावर उभा असलेला, यांच्यात ८ मीटर अंतर धरू. मग उत्तरं अशी येतात:

ताशी २०० किलोमीटरचा स्मॅश: ०.३८ सेकंद
ताशी ३०० किलोमीटरचा स्मॅश: ०.२५ सेकंद
ताशी ४०० किलोमीटरचा स्मॅश: ०.१९ सेकंद

आणि गंमत म्हणजे २०० ने निघालेलं शटल आपल्यापाशी येतं तेव्हा ताशी जेमतेम ३६ किलोमीटरचं उरलेलं असतं. सायकलवाला जरा जोरात निघाला तर एवढा जातो.

आता खर्च आणि जमा मांडून बघा. साध्यातला साधा रिअ‍ॅक्शन टाइम ०.२० सेकंद. त्यात दोन बिटांच्या निवडीचा वेळ. त्यात रॅकेट तिथपर्यंत न्यायला निदान ०.१५ सेकंद. बेरीज अर्ध्या सेकंदावर जाते. आणि जमेला आहेत ०.२५ सेकंद! बजेट जमतच नाही. म्हणजे शटल सुटल्यावर बघून, विचार करून परतवायचं असं ठरवलं, तर चांगला स्मॅश जगात कोणालाच परतवता येणार नाही. तरी लोक परतवतात. अर्थ एकच निघतो, त्यांनी काम शटल सुटायच्या आधीच सुरू केलेलं असतं.

शटलच्या आधी काय दिसतं?

याचा पुरावा फार हुशारीने मिळवलेला आहे, आणि तोही बॅडमिंटनमध्येच. ब्रूस अ‍ॅबरनेथी आणि डेव्हिड रसेल या दोघांनी १९८७ मध्ये एक अभ्यास छापला. खेळाडू फटका मारतानाची फिल्म घेतली आणि ती वेगवेगळ्या क्षणी कापली. कधी शटलला रॅकेट लागायच्या बरंच आधी, कधी लागताना, कधी लागल्यावर. बघणाऱ्याने सांगायचं की शटल कुठे पडणार. दुसऱ्या प्रकारात फिल्म पूर्ण ठेवली, पण खेळाडूचा हात किंवा रॅकेट किंवा डोकं झाकून टाकलं. निष्कर्ष असा की नवखे लोक फक्त रॅकेटकडून माहिती घेतात. तयार खेळाडू रॅकेटबरोबरच ती धरणाऱ्या हाताकडूनही घेतात. आणि हात रॅकेटच्या आधी हलतो! म्हणजे तयार खेळाडूला तीच बातमी लवकर मिळते.

हे वाचल्यावर मी मोबाईल काढला. कॅप्टनचे वीस स्मॅश स्लो मोशनमध्ये घेतले, प्रत्येक क्लिप रॅकेट लागायच्या किंचित आधी थांबवली आणि हॉस्टेलमध्ये दाखवत सुटले. सरळ की क्रॉस, एवढंच सांगायचं. टीममधल्या मुली बहुतेक वेळा बरोबर निघाल्या. माझ्या रूममेट्स नाणेफेकीइतक्याच. कसं ओळखलंस विचारलं तर टीममधली एकही मुलगी नीट सांगू शकली नाही. "दिसतं ना गं" एवढंच!

आणि इथे ट्रायलचं कोडं सुटलं. आमची कॅप्टन रोज जिला स्मॅश मारते, ती मुलगी तिचा खांदा वर्षभर बघत आलेली आहे. तिच्यासाठी चार पर्यायांतले दोन आधीच खोडले गेलेत, एक बिट वाचला. नवीन मुलीने तो खांदा आयुष्यात पहिल्यांदा बघितला. म्हणजे आम्ही रिफ्लेक्सेस मोजत नव्हतो, ओळख मोजत होतो. आणि नापास करत होतो ते ओळख नसल्याबद्दल!

उलट बाजूनेही हेच सिद्ध होतं. समोरचा खेळाडू जर आपलं शरीर वाचत नसता, तर फसवे फटके चाललेच नसते. तैवानच्या ताई झू-यिंगच्या मॅचेस बघा. स्मॅशची पूर्ण तयारी, आणि शेवटच्या क्षणी मनगट वळून शटल नेटपाशी टपकतं. समोरची जगातल्या पहिल्या दहांतली खेळाडू चुकीच्या दिशेला निघालेली असते.  आपल्याकडे सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ मध्ये मलायातली सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. त्यांचंही नाव ताकदीपेक्षा नजाकतीसाठीच घेतलं जातं. एकोणिसाव्या शतकात आपल्या पुण्याच्या छावणीत ब्रिटिश अधिकारी हा खेळ खेळत आणि त्याला ‘पूना’च म्हणत. तेव्हापासूनची ही कला म्हणायला हरकत नाही.

कानही विसरू नका. आवाजाला आपण प्रकाशापेक्षा थोडे लवकर प्रतिसाद देतो. रॅकेटच्या आवाजावरून फटका भरून बसला की कडेला लागला हे कळतं. २०१० मध्ये सिनेट आणि किंगस्टोन यांनी टेनिसच्या फटक्यांचे व्हिडिओ दाखवताना बरोबर फटक्याच्या क्षणी एक आवाज मिसळला. बघणाऱ्यांचा निर्णय मंदावला आणि चुका वाढल्या. कोर्टवर किंचाळणाऱ्या टेनिसपटूंबद्दलची तक्रार अगदीच खोटी नाही तर!

आणि चष्म्याचं काय?

डोळे जितके तेज तितका खेळ चांगला, असं आपण धरून चालतो. पण २००७ मध्ये डेव्हिड मॅन आणि सहकाऱ्यांनी क्रिकेटच्या बॅट्समनना मुद्दाम धूसर दिसेल अशा कॉन्टॅक्ट लेन्स घालून खेळायला लावलं. +१ आणि +२ नंबरच्या धूसरपणाने बॅटिंगमध्ये विशेष फरक पडला नाही. +३ ला गेल्यावर पडला. मन्सूर अली खान पतौडींचा उजवा डोळा जुलै १९६१ मध्ये कार अपघातात निकामी झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते पहिली टेस्ट खेळले आणि १९६२ मध्ये २१ व्या वर्षी भारताचे कॅप्टन झाले. म्हणून चष्मा काढून ठेवा असं मुळीच नाही. नंबर असेल तर चष्मा लावाच, मागे पट्टा बांधा म्हणजे उडी मारताना घसरणार नाही. सांगायचा मुद्दा एवढाच की चष्मा हे नापास करायचं कारण नाही.

"शटलवर शेवटपर्यंत नजर ठेव" असं सगळेच कोच सांगतात. जरा हिशेब करू. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. हे शटल आपल्या डोळ्यापासून १ मीटरवरून बाजूने गेलं, तर डोळ्याला सेकंदाला १० रेडियन, म्हणजे ५७० अंशांहून जास्त वेगाने वळावं लागेल. हलत्या वस्तूचा सलग पाठलाग डोळा सेकंदाला १०० अंशांच्या आसपासच करू शकतो. म्हणजे शेवटचा टप्पा कोणीच बघत नाही! क्रिकेटमध्ये लँड आणि मॅक्लाऊड यांनी २००० साली बॅट्समनच्या डोळ्यांची हालचाल रेकॉर्ड केली, तेव्हा दिसलं की बॅट्समन बॉल सुटताना बघतात आणि मग नजर उडी मारून टप्पा पडायच्या जागी आधीच जाऊन थांबते. चांगल्या बॅट्समनची ही उडी लवकर होते. कोचचा सल्ला मात्र तरीही उपयोगी आहे, कारण त्यामुळे डोकं स्थिर राहतं.

मग शटल कधी पोचणार हे मेंदूला कळतं कसं? त्याला अंतर माहीत नाही, वेगही माहीत नाही. डेव्हिड ली यांनी १९७६ मध्ये याचं देखणं उत्तर मांडलं. येणारी वस्तू डोळ्याला जेवढा कोन करते, त्या कोनाला तो कोन ज्या दराने वाढतोय त्या दराने भागा. अंतर आणि वेग वेगवेगळे माहीत नसले तरी भागाकारात थेट उरलेला वेळ मिळतो. करून बघा, दोन ओळींचं डेरिव्हेशन आहे. एक अट मात्र आहे, वेग कायम असला पाहिजे. शटलचा तर सतत कमी होतो. त्यामुळे हा भागाकार खऱ्यापेक्षा कमी वेळ दाखवतो. नवीन मुली रॅकेट आधीच फिरवून मोकळ्या होतात आणि शटल मागून येतं, त्याचं एक कारण हे असावं असं मला वाटतं. ही दुरुस्ती सवयीनेच होते.

कंट्रोल सिस्टीम्सचा तास

आता हाताकडे येऊ. डोळे बंद करून नाकाला बोट लावा. जमलं ना? स्नायूंमध्ये ताण मोजणारे सेन्सर आहेत, स्नायू जिथे हाडाला जोडले जातात तिथे जोर मोजणारे वेगळे सेन्सर आहेत. हात कुठे आहे हे मेंदूला न बघता कळतं ते यांच्यामुळे. डोळा शटलला देऊन टाकलाय, तेव्हा रॅकेटचं तोंड कुठे वळलंय हे सांगायचं काम यांचंच.

पण इथेही उशीर आहेच. आपल्याला शिकवलंय की लूपमध्ये डेड टाइम असला आणि तुम्ही गेन वाढवत गेलात, तर सिस्टीम सुधारत नाही, ऑसिलेट व्हायला लागते. गिझरचं गरम पाणी उशिरा येतं म्हणून नळ जास्त फिरवणारा माणूस आधी भाजतो, मग गारठतो, तसंच. यावर १९५७ मध्ये ऑटो स्मिथ यांनी तोड काढली. कंट्रोलरच्या आतच प्लान्टचं एक मॉडेल ठेवायचं. खरं उत्तर यायच्या आधी मॉडेल सांगतं की काय उत्तर येईल, त्यावर काम चालू ठेवायचं, आणि खरं उत्तर आल्यावर फरक तपासायचा. हाच स्मिथ प्रेडिक्टर. ओरलला हमखास विचारतात!

१९९३ मध्ये मायल आणि सहकाऱ्यांनी एक पेपर लिहिला. त्याचा प्रश्न असा होता की सेरेबेलम, म्हणजे आपला लहान मेंदू, हा स्मिथ प्रेडिक्टर आहे का? त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की लहान मेंदूत आपल्याच हाताचं मॉडेल असतं. हुकूम सोडताना त्याचा परिणाम काय होईल हे ते आधीच सांगतं. आणि हे मॉडेल जन्मतः तयार मिळत नाही, चुकांमधून ट्यून होतं. म्हणजे प्रत्येक चुकलेला फटका हा एक एरर सिग्नल आहे. वाया काहीच जात नाही.

ट्यूनिंग किती बारीक होऊ शकतं? नेदरलँड्समध्ये बूट्समा आणि फान विरिंगेन यांनी १९९० मध्ये टेबल टेनिसच्या वरच्या दर्जाच्या खेळाडूंचा फोरहँड मोजला. बॉलला बॅट लागायच्या क्षणी वेळेतली चढ-उतार फक्त २ ते ५ मिलिसेकंद! पट्टी पकडताना २०० मिलिसेकंद घेणारा हाच मनुष्यप्राणी.

पायांचीही अशीच युक्ती आहे, स्प्लिट स्टेप. समोरचा मारणार त्या सुमारास छोटी उडी घ्यायची आणि त्याचा फटका बसताना जमिनीवर उतरायचं. उतरताना पायाचे स्नायू स्प्रिंगसारखे ताणले जातात आणि दिशा कळली की त्या ताणावरच निघता येतं. इथेही उडी आधी घ्यायची आहे, बघून नाही.

मग प्रॅक्टिस कशी करायची?

यातून मला स्वतःला तीन गोष्टी मिळाल्या. पहिली म्हणजे कोणीतरी टोपलीतून हाताने शटल फेकतंय आणि आपण मारतोय, याने हात तयार होतो, पण वाचन तयार होत नाही. हाताने फेकणाऱ्याकडे वाचायला खांदा कुठे आहे? खऱ्या माणसाचे खरे फटके बघायला हवेत, आणि वेगवेगळ्या माणसांचे. बाकावर बसून मॅच बघणं हीसुद्धा प्रॅक्टिस आहे, फक्त शटल न बघता मारणारीचा हात बघायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे एकच फटका पन्नास वेळा मारला की छान वाटतं, पण टिकत नाही. गुड आणि मॅगिल यांनी १९८६ मध्ये बॅडमिंटनच्या तीन सर्व्हिसेस शिकवून हे तपासलं. काहींनी एकेक सर्व्हिस सलग घोटली, काहींनी तिन्ही मिसळून. नंतर परीक्षा घेतली तेव्हा मिसळून शिकणारे पुढे होते. सबमिशनच्या आदल्या रात्री एकच चॅप्टर घोटणाऱ्यांनी (त्यात मीही आलेच) हे लक्षात घ्यावं.

तिसरी गोष्ट ट्रायल्सची. हार्डवेअरला काहीच महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. उंची, ताकद, पायांचा वेग यांनी फरक पडतो आणि वरच्या पातळीवर तर खूपच पडतो. पण कॉलेजच्या पातळीवर आपण ज्याला रिफ्लेक्सेस म्हणून नावं ठेवतो ते बहुतांशी सॉफ्टवेअर आहे, आणि ते इन्स्टॉल व्हायला वेळ लागतो. दहा स्मॅशमध्ये ते दिसूच शकत नाही.

मी हे सगळं, पट्टीच्या आकड्यांसकट, कॅप्टनपुढे ठेवलं. ती आधी भडकली ("म्हणजे माझे आणि त्या पोरीचे रिफ्लेक्सेस सेम?"), मग स्वतःच पुन्हा पट्टी धरून बसली. शेवटी ठरलं की यंदा दहा स्मॅशवर कोणाला काढायचं नाही. नवीन मुलींनी दोन आठवडे रोज खेळायचं. पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी तीच टेस्ट घ्यायची आणि फरक बघायचा. कोण किती चांगली आहे यापेक्षा कोण किती शिकते ते बघायचं.

ती चष्मेवाली मुलगी परत आली. मी तिला त्या दिवशीबद्दल सॉरी म्हटलं. तिने "कशाबद्दल ताई?" विचारलं, तेव्हा जास्तच ओशाळल्यासारखं झालं. दोन आठवड्यांनी तिचे दहापैकी चार परतले. टीममध्ये तिची निवड झाली नाही, कारण दोघी तिच्यापेक्षा पुढे होत्या आणि तो निकाल बरोबरच होता. पण ती अजून रोज येते, आणि बाकावर बसली की कॅप्टनच्या खांद्याकडे टक लावून बघते. कॅप्टनला आता त्याची थोडी धास्ती वाटायला लागली आहे!

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी कोणाला "तुझे रिफ्लेक्सेस स्लो आहेत" म्हणायची इच्छा झाली, तर आधी मोजा. पट्टी माझ्याकडे आहे. संध्याकाळी साडेपाचनंतर मी जिमखान्यातच असते.